रपट्यावर पाणी आहे तोवर

सिपना नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या रपट्याशी मी एकदा पाच तास बसून होतो. ऑगस्टचा महिना, दुपारची वेळ. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता, माळावर ऊनही पडलं होतं. तरी जीपच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवली, कारण रपट्यावरून टोंगळ्याएवढं पाणी वाहत होतं. दोन तरुण पोरं पँटी वर दुमडून निघालीच होती. तेवढ्यात मागच्या सीटवरची एक कोरकू आजी खाली उतरली आणि काठाशी जाऊन उभी राहिली. पाणी किती खोल आहे हे तिनं पाहिलंच नाही. पाण्यावर काय तरंगतंय ते ती पाहत होती: वाळका पाचोळा, काड्या, पिवळसर फेस, मधूनच एखादी मोडकी फांदी. मग तिनं हातातली काडी पाण्याच्या अगदी कडेला चिखलात रोवली आणि परत येऊन दगडावर बसली. "कचरा येऊन राह्यला. म्हंजे पाणी चढतेच हाय. बसा."

पंधरा-वीस मिनिटांत ती काडी दिसेनाशी झाली. अर्ध्या तासानं सागाचा एक अख्खा ओंडका रपट्यावरून आडवा गेला. रपट्याच्या कडेचा सिमेंटचा खुंटा त्यानं मुळापासून उखडून नेला. ती दोन्ही पोरं नंतर बराच वेळ बोलली नाहीत. शेवटी पाण्यावरचा कचरा थांबला, मग हळूहळू पाणी उतरलं आणि आम्ही पलीकडे गेलो.

धारणी, चिखलदरा आणि सातपुड्याच्या पायथ्याचे अकोट-तेल्हारा तालुके इथं पावसाळ्यात राहणाऱ्यांसाठी आणि इथं येऊ पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. रानात जाण्याचे, मासे धरण्याचे, काहींच्या मनात अजूनही शिकारीचे जे बेत याच दिवसांत शिजतात, त्यांच्याबद्दलही मला मोकळेपणानं बोलायचं आहे. पूर आणि रान इथं वेगळे काढता येत नाहीत. एकाच पाण्यानं माणूसही अडतो आणि जनावरही.

समुद्र लांब आहे, पाऊस मात्र समुद्राचाच

"आपल्याकडे कुठलं आलं चक्रीवादळ" असं वऱ्हाडात सर्रास म्हटलं जातं. वादळाचा वारा आपल्यापर्यंत क्वचितच पोचतो, हे खरं. पण त्याचं पाणी पोचतं. जुलै ते सप्टेंबर या काळात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात. ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून ते मध्य भारतात पश्चिमेकडे सरकतात. सातपुड्याच्या रांगेवर असा पट्टा दोन दिवस रेंगाळला, की आपल्याकडे झड लागते आणि एका रात्रीत नाल्यांना लोंढे येतात.

२०२१ चं गुलाब चक्रीवादळ आठवून पाहा. २६ सप्टेंबरला ते आंध्रच्या किनाऱ्यावर आलं आणि जमिनीवर येताच त्याचा जोर ओसरला. पण त्याच्यातलं पाणी घेऊन ते तेलंगण, विदर्भ आणि मराठवाड्यावरून गेलं. २८ सप्टेंबरच्या सकाळी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात पुलावरून वाहणाऱ्या पाण्यानं एसटी बस खाली ओढली आणि प्रवासी बुडाले. त्याच वर्षी जुलैत अकोल्यात एका रात्रीत पावसानं कहर केला. मोर्णा नदीचं पाणी शहरातल्या वस्त्यांमध्ये शिरलं, लोकांनी रात्र गच्च्यांवर काढली. दोन्ही ठिकाणांपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे.

मेळघाटातलं गणित याहून कठीण. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाचही नद्या शेवटी तापीला मिळतात. चिखलदऱ्याचं पठार हजार-अकराशे मीटर उंचीवर आहे आणि धारणीकडचा मुलूख त्याच्या कितीतरी खाली. वर पडलेलं पाणी दऱ्यांतून काही तासांत खाली उतरतं. त्यामुळे तुमच्या गावावरचं आभाळ पाहून पुराचा अंदाज बांधता येत नाही. सेमाडोहला काय चाललंय, कोलकासला सिपना कुठवर आली आहे, हरिसालच्या पुलाशी पाणी कसं आहे, हे कळलं पाहिजे. म्हणून माझी पहिली विनंती अशी: नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गावातल्या एका तरी माणसाचा फोन नंबर तुमच्याकडे असू द्या, आणि खालच्या गावातल्या एकाला तुमचा द्या. पाणी वाढलं की वरच्यानं खालच्याला सांगायचं. फोनला रेंज नसेल, आणि आपल्याकडे बऱ्याच ढाण्यांत, म्हणजे वस्त्यांत, ती नसतेच, तर टेकडीवरून ढोल वाजवण्याची जुनी रीत अजून चालते. फक्त कोणता ठोका कशाचा, हे उन्हाळ्यातच ठरवून ठेवा.

सरकारी इशाऱ्यांचा अर्थही नीट समजून घ्या. हवामान खात्याच्या भाषेत 'जोरदार पाऊस' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ पर्यंत. 'अति जोरदार' म्हणजे त्यापुढे २०४.४ पर्यंत आणि त्याच्याही वर 'अत्यंत जोरदार'. ऑरेंज अलर्ट लागला की दूरचा प्रवास रद्द करा. रेड अलर्ट लागला की नाल्याकाठची गुरं आणि म्हातारी माणसं सूर्य मावळायच्या आत उंचावर न्या. वीज कुठं पडण्याची शक्यता आहे हे सांगणारं 'दामिनी' नावाचं ॲप आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ते बनवलं आहे. रोवणीच्या आणि निंदणाच्या दिवसांत ते शेतात जाणाऱ्या प्रत्येक घरातल्या एका तरी मोबाईलवर असायला हवं.

पाणी ओळखायचं कसं

वाहत्या पाण्याचं वजन आपल्याला कळत नाही, कारण आपण फक्त त्याची खोली पाहतो. अर्धा फूट पाणी वेगात असेल तर धडधाकट माणसाचे पाय उचलून नेतं. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. दोन फूट वाहतं पाणी जीपसकट बहुतेक गाड्या घेऊन जातं. त्यात रपट्याचं काँक्रीट पाण्याखाली तुटलेलं आहे की शाबूत, ते वरून दिसत नाही. गढूळ पाण्याखाली कालचा रस्ता आज असेलच असं नाही.

म्हणून आजीची काडी लक्षात ठेवा. पाण्याच्या कडेला एक काडी रोवा किंवा दगड ठेवा आणि घड्याळ लावून वीस मिनिटं थांबा. काडी बुडाली तर पाणी चढतंय. काडी कोरडी राहिली आणि पाण्यावरचा पाचोळा कमी झाला तर उतरतंय. तरीही रपट्याची कड दिसेपर्यंत पाऊल टाकू नका. दोरी बांधून, एकमेकांचे हात धरून साखळी करून नाला ओलांडणं लोकांना शहाणपणाचं वाटतं. त्या साखळीतला एक घसरला तर तो चौघांना घेऊन जातो, हे मी ऐकलेल्या कितीतरी हकिकतींमध्ये आहे. आणि रात्री नाला ओलांडायचा नाही, कुणी आजारी असलं तरी नाही. आजाऱ्यासाठी आधीच काय करायचं, ते पुढं सांगतो.

मिरगाच्या आधीची कामं

पुराची तयारी पूर आल्यावर होत नाही. संपर्क तुटणाऱ्या गावांना स्वस्त धान्य दुकानातून पावसाळ्याचं धान्य आधीच पोचवण्याची पद्धत आहे. तुमच्या गावचं आलं की नाही ते मे महिन्यातच ग्रामसभेत विचारा, जूनची वाट पाहू नका. मीठ, तेल, माचिस, बॅटरीचे सेल आणि रॉकेल मिळत असेल तर तेही एका पत्र्याच्या डब्यात घरातल्या सगळ्यात उंच फळीवर ठेवा. रेशनकार्ड, आधार, वनहक्काचा पट्टा, बँकेचं पासबुक ही कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्याच डब्यात. कुडाच्या घरात पाणी शिरलं की सगळ्यात आधी कागद जातात आणि पुढं नुकसानभरपाईच्या वेळी तेच मागितले जातात.

सगळ्यात मोठी काळजी दिवस भरत आलेल्या बायकांची. मेळघाटातल्या आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' नावाची सोय आहे. गरोदर बाईला बाळंतपणाच्या काही दिवस आधी तिथं येऊन राहता येतं, सोबत घरचं माणूस आणि लहान मूलही ठेवता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये जिची तारीख आहे, तिला आठ-दहा दिवस आधी तिथं पोचवणं हेच खरं नियोजन. कळा सुरू झाल्यावर नाल्याकाठी खाट घेऊन बसलेल्या माणसांची तगमग मी पाहिली आहे. त्यांची चूक एकच, दोन दिवस उशीर. सासूला ही गोष्ट पटवावी लागते, आणि आशाताईपेक्षा गावातली दुसरी बाळंतीण ती लवकर पटवते, हे माझ्या अनुभवात आलं आहे. बीपी, क्षयरोग, सिकलसेल यांची औषधं घेणाऱ्यांनी महिन्याभराच्या गोळ्या पावसाआधी घरात आणाव्यात. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिका नाल्याच्या अलीकडेच थांबेल, हे मनाशी धरून चाला.

पूर, रान आणि शिकारीचे बेत

आता जरा नाजूक विषयाकडे येतो.

आखाडाचा महिना लागला की अमरावती, अकोला, परतवाड्याकडून मंडळी रानाकडे निघतात. कुणाला भिजायचं असतं, कुणाला नाल्याकाठी मटण शिजवायचं असतं. त्यातल्या काहींच्या बोलण्यात 'रानडुक्कर मिळते का' हा प्रश्न हळूच येतो. गावातही जुनी माणसं हाक्याच्या शिकारीच्या गोष्टी सांगतात, आणि त्या सांगताना त्यांच्या डोळ्यांत चमक येते. मी त्या चमकेचा अपमान करत नाही. कोरकू माणसाच्या कितीतरी पिढ्यांनी याच रानातून पोट भरलं आहे. पण आजचा कायदा आणि आजचं रान काय आहे, हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. भारतात शिकारीचा मोसम नावाची गोष्ट उरलेली नाही. या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त बंदूक नव्हे. फासा लावणं, जाळं टाकणं, हाकून कोंडीत पकडणं, अंडी फोडणं, अगदी तसा प्रयत्न करणंसुद्धा शिकारीतच मोडतं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात केलेल्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे. रानडुकराचं मटण विकत घेणाराही सुटत नाही. मेळघाट हा १९७३-७४ साली देशात सुरू झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. धारणी तालुक्याचा मोठा भाग त्याच्या आत किंवा त्याला लागून आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींना आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांना जमीन, गौण वनोपज, चराई आणि पाण्यातले मासे असे हक्क दिले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. 'आमचा वनहक्काचा दावा मंजूर झाला आहे' असं सांगून फासा लावणाऱ्या तरुणाला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं. तुरुंगातून सुटल्यावर सांगून काय उपयोग.

पण कायदा बाजूला ठेवला तरी पुराच्या दिवसांत एक वेगळी गोष्ट घडते. काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका शेतात मी ती पाहिली. रात्रभर पाऊस पडून सकाळी शेताचं तळं झालं होतं आणि मधोमध खळ्याचा एक उंचवटा तेवढा वर राहिला होता, आठ-दहा पावलांचा. त्या उंचवट्यावर एक चितळाची मादी, तिचं पाडस आणि दोन ससे. सगळे एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि कुणीच कुणाला घाबरत नव्हतं. घाबरायला जागाच नव्हती. काठावर गावातली चार-पाच पोरं काठ्या घेऊन जमली होती, सोबत दोन कुत्री. चितळाची मादी एकदा पाण्याकडे बघायची, एकदा पोरांकडे, आणि पाडसाला पोटाखाली ढकलायची. एक म्हातारा शेतकरी पुढं झाला, शेत त्याचंच होतं. त्यानं कुत्र्यांना गळ्याला धरून बांधलं आणि पोरांना एवढंच म्हणाला, "काल रातच्याला आपणबी असेच बसलो होतो बे, शाळेच्या ओट्यावर." पोरं निघून गेली. दुपारी पाणी उतरलं आणि जनावरं आपोआप रानात गेली.

पुरानं अडकलेलं जनावर पळू शकत नाही. त्याला मारण्यात कसब नाही आणि पुरुषार्थ तर नाहीच. जिथं शिकार कायदेशीर आहे, तिथल्या शिकाऱ्यांनीही हे मान्य केलं आहे. अमेरिकेत हरिकेनचा काळ जून ते नोव्हेंबर असतो आणि हरणाच्या शिकारीचा मोसम नेमका शरद ऋतूत सुरू होतो. लुइझियाना, मिसिसिपीसारख्या राज्यांत नदीला पूर आला, की पाण्याखालच्या भागांतली हरणांची शिकार बंद केली जाते. कारण सगळी हरणं मूठभर उंच जमिनीवर दाटीवाटीनं उभी असतात. आसामात ब्रह्मपुत्रेच्या पुरात काझीरंगाचे प्राणी राष्ट्रीय महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे जातात. तेव्हा तिथं गाड्यांचा वेग मर्यादित करतात आणि रस्त्यावर पहारे बसवतात. आपल्या घाटातही पावसाळी रात्री चितळ, सांबर, रानगवे डांबरी रस्त्यावर येऊन उभे राहतात, कारण रस्ता त्यातल्या त्यात कोरडा असतो. गाडी हळू चालवा, हॉर्न वाजवू नका, दिवा खाली करा आणि त्यांना वाट द्या. रात्री घाटातून जाण्याचा बेतच आखू नका.

असं अडकलेलं जनावर दिसलं तर कुत्री बांधा, गर्दी हटवा, दुरून लक्ष ठेवा आणि १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवा. पाडस उचलून घरी आणू नका. त्याची आई जवळच असते. पावसाळ्यात रस्ते बंद असतात म्हणून चोरट्या शिकाऱ्यांना मोकळीक मिळते. वनरक्षक आणि वनमजूर चिखलातून पायी गस्त घालतात ते यासाठीच. तुमच्या शिवारात अनोळखी माणसांचा तळ पडलेला दिसला तर वनरक्षकाला कळवा.

मासे हा वेगळा मुद्दा आहे, कारण पुराच्या पाण्यावर चढणारे मासे पकडणं ही इथली जुनी सवय. व्याघ्र प्रकल्पाच्या आत परवानगीशिवाय मासेमारी चालत नाही. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर त्यात मासे कुठल्या पाण्यातले आणि कुठल्या हद्दीतले, हे ग्रामसभेच्या कागदावर पाहून घ्या. हक्क असला तरी पहिल्या पुराचे मासे सोडून द्यावेत असं मी आग्रहानं सांगेन. ते अंडी घालायला वर चढत असतात. त्यांना या आठवड्यात सोडलं तर पुढच्या वर्षी डोह भरलेला असतो. आणि पाण्यात विजेची तार सोडून, ब्लीचिंग पावडर टाकून किंवा गोटे उडवायचा दारूगोळा वापरून मासे मारणं थांबलंच पाहिजे. तार सोडणाऱ्याचाच पाय चिखलात घसरतो आणि खाली कपडे धुणाऱ्या बाईलाही करंट लागतो. गडगा नदीतल्या सिद्धू कुंडात १९९०-९१ च्या सुमाराला मगरीही सोडल्या गेल्या होत्या. गढूळ पाण्यात छातीभर उतरण्याआधी याचाही विचार करा.

हीच तार शेताच्या धुऱ्यावरही लागते. डुक्कर मक्याचं वाटोळं करतं, रात्ररात्र माळ्यावर बसून शेतकरी थकतो, मग कुणीतरी धुऱ्यावरून वीज सोडतो. शेतकऱ्याचा तो राग मला समजतो. पण ओल्या जमिनीत तो करंट कुठं जाईल, हे कुणीच सांगू शकत नाही. पहाटे शेतात गेलेला शेजारी, शौचाला निघालेली बाई, स्वतःचाच बैल असे बळी गेले आहेत. सौर कुंपणाचा झटका मारत नाही, फक्त हाकलतो, आणि व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना त्यासाठी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. जनावरानं पीक खाल्लं तर तीन दिवसांच्या आत आणि जनावरानं गुरू मारलं तर ४८ तासांच्या आत वन कार्यालयात लेखी तक्रार द्या. पुरामुळे रस्ता बंद असेल तर फोननं कळवून ठेवा आणि तारीख-वेळ वहीत लिहा. मेलेलं गुरू हलवू नका, त्याच्यावर विष तर मुळीच टाकू नका.

पाणी ओसरल्यावर

खरा धोका पुष्कळदा पाणी उतरल्यानंतर येतो. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचं दूषित पाणी पिऊन हगवण-उलट्यांची साथ आली. माणसं दगावली आणि शेकडो आजारी पडली. पुराचं पाणी विहिरीत शिरलं की ती विहीर काही दिवस पिण्याच्या कामाची राहत नाही. पिण्याचं पाणी आधी फडक्यानं गाळा, मग खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या. लाकडं ओली असल्यानं हे जमत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून उन्हाळ्यातच आठवडाभराची कोरडी लाकडं घरात आत रचून ठेवा. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर ताजी आणि चांगल्या प्रतीची असेल तर १००० लिटर पाण्याला २.५ ग्रॅम पुरते. टाकल्यावर अर्धा-एक तास थांबा. पावडर ओलसर होऊन तिचा वास गेला असेल तर ती निकामी, मग कितीही टाकली तरी उपयोग नाही. लेकराला जुलाब सुरू झाले तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात कालवा. पुडी नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंगावरचं दूध बंद करू नका. मूल गळून पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर मग कसलीही वाट पाहू नका.

पुरानंतर साप घरात येतात. उंदीर घरात आले की त्यांच्यामागे तेही येतात. नाग, घोणस, फुरसं ओळखू येतात, पण मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. सकाळी पोटात कळ येते, पापण्या जड होतात, तेव्हा कुठं कळतं. जमिनीवर झोपू नका. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. चावलेल्या जागी चिरा मारू नका, करकचून दोरी बांधू नका. हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका आणि धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघा. झाडफूक करणारा भुमका गावातला मानाचा माणूस आहे, त्याला सोबत गाडीत बसवा. त्याच्या दारात मात्र दोन तास घालवू नका. मी ज्या भुमकांशी बोललो, त्यांतल्या जाणत्यांनी स्वतःच हे मान्य केलं आहे.

नुकसानीचा पंचनामा करताना घर झाडून साफ करण्याआधी फोटो काढा. पडलेली भिंत, वाहून गेलेली माती, मेलेलं जनावर, प्रत्येक फोटोत काहीतरी ओळखीची खूण यायला हवी. तलाठ्याला, ग्रामसेवकाला लेखी कळवा आणि त्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पुरात कुणी दगावलं तर शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. तो नसेल तर चार लाखांची मदत अडकते. त्या वेळी घरच्यांच्या डोक्यात हे येत नाही. शेजाऱ्यानं लक्षात ठेवावं. जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तो शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. कागदावर लिहिलेला नंबर पहिल्या पावसातच जातो.

येणाऱ्यांसाठी

अकोट, तेल्हारा, परतवाड्याकडून येणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. मेळघाटच्या दक्षिण उतारावरून शहानूर, वानसारख्या नद्या थेट पूर्णेच्या काळ्या मातीत उतरतात. डोंगरात पाऊस झाला की सपाटीवरच्या पुलांवर पाणी येतं, आणि बाजूला घेतलेली गाडी काळ्या मातीत रुतून बसते. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन बंद असतं. ते ऑक्टोबरात सुरू होतं आणि तेव्हा रान खरं पाहण्यासारखं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये यायचंच असेल तर दिवसाउजेडी या, गाडीत एक दिवसाचं खाणं-पाणी ठेवा, आणि परतीच्या दिवसानंतर एक मोकळा दिवस ठेवा. सोमवारी ऑफिसात हजर व्हायचंच आहे, या हट्टापायी रविवारी संध्याकाळी लोक पाण्यात गाडी घालतात.

नाल्याकाठी चूल मांडू नका. काठावरच्या गोल दगडांची जागा सपाट आणि छान दिसते, ती पाण्यानंच धुऊन केलेली असते. तिथं बसून जेवताना पाण्याचा आवाज बदलला, खर्ज वाढला किंवा पाणी अचानक गढूळ झालं, तर ताटं तिथंच टाका आणि वर चढा.

परतवाड्याहून धारणीला निघालात तर हरिसालच्या चहाच्या टपरीशी थांबा. समोरून आलेल्या ट्रकच्या किंवा जीपच्या ड्रायव्हरला विचारा, "रपट्यावर पाणी किती?" तो आकडा सांगत नाही, वाकून आपल्या पायावर बोट ठेवून दाखवतो. त्याचं बोट घोट्याच्या वर गेलं, तर गाडीची किल्ली काढून खिशात ठेवा आणि दुसरा चहा सांगा.